‘अपेक्षा’ नावाचा रकाना

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

महोदय,

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मुलींच्या वाढत्या अपेक्षांविषयी जी पत्रे येत आहेत, ती मी एकही न सोडता वाचली. हातकणंगले तालुक्यातील एका तरुणाने लिहिले की, आजच्या मुलींना नवरा नको, पैशांचे यंत्र हवे आहे. त्यावर एका भगिनीने उत्तर दिले की, ज्याला बायको पोसता येत नाही त्याने लग्नाच्या फंदात पडूच नये. दोन्ही पत्रांतला राग खरा आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र ही दोन्ही मंडळी एकाच जुन्या करारावरून भांडत आहेत आणि त्या करारात कोण कोणाला काय देणे लागत होते, हे दोघांनीही नीट वाचलेले दिसत नाही. मी येथील एका बँकेत तेहेतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षे रोखपाल म्हणून आणि शेवटची काही कर्ज विभागात काढली. निवृत्तीनंतर एका वधू-वर सूचक मंडळात रविवारी सकाळी नावनोंदणीचे काम पाहते. नवराबायकोतला पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, हे काउंटरच्या काचेआडून मला बरेच पाहायला मिळाले, म्हणून पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

आमच्या मंडळाच्या अर्जात सर्वांत शेवटी ‘अपेक्षा’ असा एक रकाना आहे. जुन्या वह्या चाळल्या तर त्यात ‘अनुरूप’ किंवा ‘निर्व्यसनी’ एवढाच एक शब्द सापडतो. आता तो रकाना अपुरा पडतो व मजकूर समासात चढतो : कायम नोकरी, पुणे-मुंबईस प्राधान्य, स्वतःचा फ्लॅट, जबाबदारी नसलेला, आणि गावाकडे शेती असावी. शेती असावी, पण मुलाने ती करू नये, हे उघडपणे लिहीत नाहीत. ते सांगण्याचे काम मुलीची आई करते आणि मुलगी शेजारी बसून मोबाईलकडे पाहत असते. यावर आपल्याकडे विनोद पुष्कळ झाले. मीही हसत असे. एकदा मात्र न राहवून एका बाईंना विचारले की, करवीर तालुक्यातला हा मुलगा पदवीधर आहे, चार एकर बागायत ऊस आहे, दारात सहा म्हशी आहेत, मग नाही का म्हणता? त्या म्हणाल्या, “ऊस वर्षा-दीड वर्षानं पैसं देतोय बाई. पोट रोज हाय.”

या एका वाक्यात जे अर्थशास्त्र आहे, ते मला कर्ज विभागात बसून रोज दिसत होते. आडसाली ऊस सतरा-अठरा महिने शेतात उभा असतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, ठरली होती, हा आकडा ऐकायला बरा वाटतो. परंतु त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते, सोसायटीचे पीककर्ज परस्पर कापून घेतले जाते, आणि उरलेले बिल खात्यावर येते तेव्हा खतवाल्याची उधारी दारात उभी असते. मग त्या घरात मीठ-मिरची, शाळेची फी, म्हाताऱ्यांची औषधे कशावर चालतात? ती दुधावर चालतात. दर दहा दिवसांनी दूध संस्थेचे बिल निघते आणि तोच त्या घराचा खरा पगार असतो. आता हा पगार कोण कमावतो ते पाहावे. पहाटे चारला उठून वैरण टाकणे, शेणघाण काढणे, धार काढणे, किटली घेऊन संस्थेच्या रांगेत उभे राहणे, संध्याकाळी पुन्हा तेच, यातले बहुतेक काम घरची बाई करते. सभासदत्व आणि बँकेचे खाते मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असते.

मी रोखपाल असताना एक बाई दर दहा-बारा दिवसांनी येत आणि नवऱ्याच्या खात्यात दुधाचे किती जमा झाले, असे विचारत. खाते दुसऱ्याच्या नावे असल्याने सांगता येणार नाही, हे मी त्यांना दर वेळी नियमाला धरून सांगत असे. एक दिवस त्यांनी दोन्ही तळवे काचेसमोर धरले. धारेने अंगठ्याच्या मुळाशी घट्टे पडलेले होते. त्या म्हणाल्या, “धार मी काढतोय आन् पैसं किती हाईत ते मलाच न्हाई कळायचं व्हय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पुढच्या ग्राहकाला हाक मारली, आणि हे आठवले की मला आजही स्वतःची लाज वाटते. आता हीच बाई संध्याकाळी नवऱ्याकडे शंभर रुपये मागते, तेव्हा तिला आपण नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको म्हणतो.

आपली भाषासुद्धा या बाबतीत फार स्पष्ट आहे. भर्ता म्हणजे भरणपोषण करणारा आणि भार्या म्हणजे जिचे भरणपोषण करायचे ती. संस्कृत नको असेल तर कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेत जावे. तेथे नवऱ्याला मालक, धनी, कारभारी म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जो कारभारी आहे त्याच्याकडे कारभाराचा पैसा मागायचा नाही, तर कोणाकडे मागायचा? जुना करार असा होता की, त्याने बाहेरून आणावे आणि तिने घरात राबावे, आणि तिच्या राबण्याचा मोबदला म्हणून तिला आयुष्यभर अन्न, वस्त्र, निवारा व चार दागिने मिळावेत. करार एकतर्फी होता, पण त्यात देणेघेणे होते. ‘बायको फुकट खाते’ असे म्हणणाऱ्याला त्याच्या घरातला अर्धा हिशेब ठाऊकच नसतो.

तो अर्धा हिशेब आता सरकारही मोजू लागले आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात, असे दिसले. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली हे खरे, पण पुरुषांचीही नऊ झाली. मिक्सर आणि वॉशिंग मशीन आले एवढाच त्याचा अर्थ असावा, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे व तिचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. म्हणजे बाई अपघातात गेली की तिच्या कामाची किंमत काढता येते. ती जिवंत असताना ती काढायला बसलो तर घरात भांडण होते.

परंतु संपादक महोदय, मुलगी नवऱ्याच्या पगाराकडे का पाहते, याचे खरे उत्तर तिच्या माहेरी आहे, आणि तेथे ते शोधायला कोणी जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. केंद्राचा सुधारित कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. कायद्याने एवढे केले, आणि आपण हक्कसोडपत्राचा मसुदा तयार ठेवला. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात कोणत्याही कामाच्या दिवशी उभे राहिले तर हे दृश्य दिसते : भाऊ गाडी करून बहिणींना आणतो, त्या ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या असतात, सह्या, अंगठे आणि फोटो होतात, मग सगळे मिळून जेवायला जातात आणि भाऊ प्रत्येकीला एक नवी साडी देतो. वातावरण लग्नघरासारखे असते.

हे मी दुसऱ्यांचे सांगत नाही. वडील गेल्यावर १९९८ मध्ये मी स्वतः अशी सही केली आहे. दिवसभर लोकांचे पैसे दोन-दोनदा मोजून देणारी बाई मी, पण ज्या अडीच एकरांवर सही करत होते त्यांची किंमत काय, हे मी विचारलेसुद्धा नाही. मोरपंखी रंगाची साडी मिळाली, ती अजून कपाटात आहे. सही का केली, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच : नाही म्हटले असते तर माहेर तुटले असते, आणि भाऊबीजेला जायला घर उरले नसते. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्यालाही कोणी कधी वेगळे काही सांगितले नव्हते.

म्हणून मला असे वाटते की, ज्या बापाने मुलीच्या नावावर एक गुंठा केला नाही, तोच जावयाच्या नावावर फ्लॅट आहे का, हे आधी विचारतो, आणि हा काही योगायोग नाही. जे आपण दिले नाही, ते परक्या घरातून वसूल व्हावे, अशी ती व्यवस्था आहे. पूर्वी ती हुंड्यात आणि मानपानात लपलेली होती. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला, तो गुपचूप चालू राहिला, आणि आता मुली कमी व शिकलेल्या असल्यामुळे उलट बाजूची अपेक्षा उघडपणे मांडता येऊ लागली, एवढाच फरक आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करण्याचे आवाहन केले होते, त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. जेथे ते झाले तेथील बाईला नवऱ्यापुढे हात पसरण्याची वेळ कमी आली असेल, असे मानायला हरकत नाही. आपल्या पंचक्रोशीत अशी किती शिवारे आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या गावचे सातबारे काढून पाहावे.

येथे थोडे विषयांतर करते. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांचे आधार-जोडणीचे अर्ज मीच भरून देत होते. पहिले पैसे राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यात आले. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी मोबाईलवरचा संदेश मला तीन वेळा वाचायला लावला, कारण त्यांच्या स्वतःच्या नावावर कोणी न मागता पैसे पाठवले, असे पहिल्यांदाच घडले होते. योजनेच्या खर्चाविषयी आणि राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण नाव पाहा. सरकारलासुद्धा नागरिक म्हणून नव्हे, बहीण म्हणूनच पैसे द्यावेसे वाटले, आणि तेही सणाच्या मुहूर्तावर. दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते व नवरा तबकात काही घालतो, भाऊबीजेला बहीण ओवाळते व भाऊ घालतो. त्याच तबकात आता शासनानेही हात घातला. ओवाळणी गोड असते. पण ती मागता येत नाही, मोजून घेता येत नाही, आणि पुढच्या वर्षी किती असेल हे देणाराच ठरवतो.

आता मला त्या हातकणंगल्याच्या तरुणाची बाजू मांडायची आहे, कारण त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबलातील (काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या) सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. यातली पुष्कळ वाढ ग्रामीण स्वयंरोजगाराची आहे आणि घरच्या शेतीत वा गोठ्यात बिनपगारी राबणारी बाईही त्यात मोजली जाते, हे खरे. तरीही शहरात चांगला पगार घेणाऱ्या मुली वाढल्या आहेत, हे आमच्या मंडळाच्या अर्जांवरूनच दिसते. या मुली जुना करार अर्धाच पुढे चालवतात, तेव्हा मला ते पटत नाही.

कर्ज विभागात असताना एक जोडपे गृहकर्जासाठी आले होते. दोघेही नोकरीला, पगारात जेमतेम दोन हजारांचे अंतर. घर दोघांच्या नावावर हवे होते, हप्ता मात्र फक्त त्याच्या पगारातून कापावा, असे तिचे म्हणणे होते. मी सहज विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की, त्याचा पगार घराचा, माझा पगार माझा. त्यातून ती आवर्त ठेव भरत होती आणि दर मुहूर्ताला गुजरीतल्या सराफाकडून एखादे वळे घेत होती. बाईच्या गाठीला चार पैसे असावेत, हे तिला आईने शिकवले होते. आईचे शिकवणे तिच्या काळी शंभर टक्के खरे होते, कारण तिच्याकडे दुसरे काहीच नव्हते. मुलीकडे मात्र भविष्य निर्वाह निधी होता, विमा होता, घरात निम्मा वाटा होता. तो मुलगा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा आणि गावाकडच्या आईवडिलांची औषधे एका पगारात बसवत होता व ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होता की, आमचे फार छान चालले आहे. स्वयंपाकाला बाई होती, तिचा पगारही तोच देत होता. म्हणजे घरातल्या २८९ मिनिटांचा युक्तिवादही येथे लागू पडत नाही. दोघे कमावत असतील तर दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घरात घालावे, याला मला कोणताही अपवाद सुचत नाही. बाळंतपणाचा आणि मूल लहान असतानाचा काळ तेवढा सोडून, कारण त्या काळात तिचा पगार आणि बढती दोन्ही थांबतात व ते नुकसान पुढे कधीच भरून निघत नाही.

लग्नापूर्वीच्या खर्चाविषयी थोडक्यात लिहिते. वैयक्तिक कर्ज मागायला येणारी पंचविशीतली मुले मी पुष्कळ पाहिली, कोणाला साखरपुड्याची अंगठी घ्यायची असे, कोणाला फोटोशूट करायचे असे, एकाला तर मैत्रिणीच्या वाढदिवसाचा मोबाईल घ्यायचा होता. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असलेल्या या शेवटच्या मुलाला मी विचारले की, तिने मागितला का? तो म्हणाला, “तिनं न्हाई मागितला मॅडम, पण मित्रांच्यात इज्जत जाते.” मुलींच्या नावावर खपणाऱ्या कित्येक अपेक्षा अशा मुलांनीच एकमेकांवर लादलेल्या असतात. घर घेताना स्त्रीच्या नावे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागल्यापासून बायकोचे नाव आठवणारे नवरे वाढले, हेही जाता जाता नोंदवते.

या अपेक्षेचा भार पुरुषावर काय करतो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. माझ्या यजमानांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप होते, फौंड्रीवाल्यांची जॉबवर्कची कामे ते करत. २००९ च्या मंदीत कामे थांबली आणि जवळजवळ दोन वर्षे घर माझ्या पगारावर चालले. पैशांची तशी ओढाताण झाली नाही. झाली ती वेगळीच. माझ्याकडे पैसे मागायचे नाहीत, असे त्यांनी मनाशी ठरवले असावे. वीजबिल, दुधाचे बिल, मुलाच्या क्लासची पावती ते चहाच्या डब्याखाली ठेवत. मी सकाळी बँकेत जाताना त्याच डब्याखाली पैसे ठेवत असे, आणि याविषयी आम्ही दोघे दोन वर्षांत एक शब्दही बोललो नाही. त्यांनी पान-तंबाखू सोडली, दाढीचे दुकान सोडले, लग्नकार्याला जाणे सोडले, कारण आहेराचे पाकीट बायकोच्या पैशाचे, असे त्यांना वाटे. शेवटी नवे यंत्र घ्यायला मी पाटल्या गहाण टाकल्या, तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि ते रागावूनच बोलले. त्या वेळी हक्कसोडपत्रावर सही केलेली ती अडीच एकर जमीन मला फार आठवली; गावाला वळसा घालणारा नवा रस्ता तिच्यावरूनच गेला आहे.

म्हणून ‘पोसता येत नसेल तर लग्न करू नये’ असे लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे आहे की, आज पोसता येते ते उद्या येईलच असे नाही. यंत्रमाग बंद पडतात, कंपनी कंत्राट काढून घेते, पुराचे पाणी शिवारात आठ दिवस थांबते. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण विसरलेलो नाही. तेव्हा त्या माणसाने चहाच्या डब्याखाली पावत्या ठेवायच्या, की तोंडाने बोलायचे?

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे, नाहीतर सगळे कमावत्या बायकांवरच ढकलल्यासारखे होईल. शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका असलेल्या कितीतरी बायकांची पासबुके माझ्यासमोर त्यांचे नवरे घेऊन येत. पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपांवर महिनाभराच्या सह्या आधीच करून घेतलेल्या असत, पुढे एटीएम आले तेव्हा कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि पिन नवऱ्याच्या डोक्यात गेला. अशा बाईला बसभाड्यासाठी स्वतःच्याच पगारातून पैसे मागावे लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला तीही नवऱ्याकडून पैशाची अपेक्षा करणारी बायकोच दिसते. कायद्याने लग्नात व नंतर मिळालेले स्त्रीधन तिचे एकटीचे असते, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच तसे ठामपणे सांगितले आहे. पण आमच्या लॉकर खोलीत दागिने ठेवायला सासू आणि नवरा येत, सून क्वचितच.

पोटगीविषयी आपल्या सदरात बरेच गैरसमज छापून आले, म्हणून तेवढे स्पष्ट करते. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ पती किंवा पत्नी दोघांपैकी कोणालाही निर्वाहखर्च मागू देतात. पतीही मागू शकतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा घेणारे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ हे ज्या पत्नीला स्वतःचा निर्वाह करता येत नाही तिच्यासाठी, तसेच मुलांसाठी व आईवडिलांसाठी आहे. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. म्हणजे संसार मोडताना दोघांनाही शपथेवर सगळा हिशेब मांडावा लागतो. संसार जुळवताना मात्र सुपारीच्या बैठकीत तासन् तास बसून आपण किती तोळे, कार्यालय कोणाचे, मानाची पातळे किती एवढेच ठरवतो. मुलावर किती कर्ज आहे, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज कोण फेडणार, दोघांचे पगार कोणत्या खात्यात जाणार, तिने नोकरी सोडली तर तिच्या नावावर दरमहा काय जमा होणार, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचा दवाखाना कोणाकडे, यातला एकही प्रश्न त्या पाटावर निघत नाही. काढणाऱ्याला व्यवहारी आणि हलका समजतात.

याच कारणाने गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की, अर्जाला एक पान जोडावे आणि त्यात वरचे प्रश्न वधू व वर दोघांनाही सारखेच विचारावेत. मोठा विरोध झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की, हे लग्न आहे की कर्जप्रकरण? मी म्हणाले की, कर्जप्रकरणात आम्ही जामीनदारसुद्धा तपासून घेतो. शेवटी ‘ऐच्छिक’ असा शिक्का मारून ते पान छापायचे ठरले. आरंभी ते कोरेच परत येत असे. आता मुले कर्जाचा रकाना भरू लागली आहेत, काही मुली पगार व बचत दोन्ही लिहितात, आणि दोन-तीन ठिकाणी या पानावरूनच बोलणी फिसकटली, त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. ती पुढे न्यायालयात फिसकटली असती. एका स्थळात तर शिराळ्याकडची मुलगी आणि इचलकरंजीचा मुलगा रंकाळ्यावर बसून तासभर फक्त याच पानावर बोलले, असे तिच्या मामांनी मला नवलाने सांगितले.

त्या पानावर सर्वांत खाली मी आग्रहाने घातलेला एक रकाना आहे : ‘वडिलोपार्जित मालमत्तेत वधूचा हिस्सा व तो देण्याविषयी वडिलांचा विचार’. हा रकाना अजून एकाही वडिलांनी भरलेला नाही. मागच्या रविवारी कागल तालुक्यातले एक गृहस्थ मुलीसोबत आले होते. जावयाकडून काय हवे ते त्यांनी ‘अपेक्षा’ या रकान्यात सहा ओळींत लिहिले, पान उलटले, खालचा रकाना वाचला आणि बराच वेळ पेन हातात धरून बसले. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. मग त्यांनी मला विचारले, “हे आजच लिवलं पायजे काय?” मी म्हणाले, घरी नेऊन लिहा. त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवले आहे, आणि येत्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर